बाजेखालचं लाकूड

कार्तिकाच्या अंधाऱ्या पंधरवड्यात रूपरावांच्या घरी दोन जिनसा आल्या. एक मुलगी आणि एक लाकूड. मुलगी मंगळवारी पहाटे आली, लाकूड गुरुवारी दुपारी. मुलीच्या वेळी ओसरीवरून कोणी उठलंदेखील नाही. लाकडाला मात्र खुद्द रूपराव वहाणा घालून फाटकापर्यंत सामोरे गेले आणि गाडीतून ते उतरवताना "सांभाळून बे, पडन ते" असं तीनदा म्हणाले.

सुलोचना हे सगळं बाळंतिणीच्या खोलीतून ऐकत होती. पाहायची सोय नव्हती. खोलीला एकच खिडकी, तिला गोणपाट ठोकलेलं. बाजेखाली शेगडी, शेगडीत गोवऱ्या, गोवऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा. तिची आई हयात असती तर पहिलं बाळंतपण वर्ध्याला, माहेरी झालं असतं. वडील हेडमास्तर, घरात पुस्तकं पुष्कळ आणि बाई एकही नाही. म्हणून मग गिरडच्या टेकडीच्या पायथ्याला, सासरच्या या अंधारकोठडीत. नागपूरला वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली मुलगी खेड्यात दिली, तेव्हा वडील म्हणाले होते, घर मोठं आहे. ते खरंच होतं. एवढ्या मोठ्या घरात तिला मात्र एक उघडी खिडकी मिळत नव्हती.

लाकडाची कथा अशी. सव्वीस जानेवारीला हिंगणघाटला खेळ व्हायचे होते. कुस्त्या, धावणं, भालाफेक आणि यंदा नवीन म्हणून धनुष्यबाण. ही बातमी पारावर आली तेव्हा रूपराव तिथे बसलेले होते. मालगुजारी जाऊन तीन वर्षं झाली, पण मिशीचा पीळ अजून सरकारजमा झालेला नव्हता. ते चार माणसांत बोलून बसले, की माझा भैया सोताच्या हातानं धनुष्य करन आणि त्याच धनुष्यानं नंबर आणन.

भैयाजी म्हणजे त्यांचा मुलगा, सुलोचनेचा नवरा. इंटरला दोनदा बसलेला आणि दोनदा उठलेला. उंचापुरा, गोरा, बोलायला मऊ. त्याने स्वतःच्या हाताने आजवर काय केलं होतं, याचा सुलोचनेने एकदा मनाशी विचार केला. जेवल्यावर पानसुद्धा आई लावून देत होती. पण बापाने पारावर सांगितलं म्हणजे झालंच. दुसऱ्या दिवसापासून हा गडी धनुर्धारी झाला.

घरात धनुष्याची खरी माहिती असलेला माणूस एकच. तानबा. गोंडांपैकी, पन्नाशीतला, वीस वर्षं यांचा सालदार. त्याच्या बापाने जन्मभर धनुष्यं केली होती आणि ज्वारीतली रानडुकरं राखली होती. त्याला विचारायचं म्हणजे कमीपणा. म्हणून विचारलं कोणी नाही, त्याला हुकूम केला. तानबाने नाल्याच्या काठची धामणीची झाडं पाहिली, त्यातलं एक सरळसोट, बिनगाठीचं निवडलं आणि अंधारा पंधरवडा लागेपर्यंत तोडू दिलं नाही. चांदण्यात तोडलेल्या लाकडाला कीड लागते म्हणाला. रूपराव यावर हसले. पण थांबले, कीड लागली असती तर लोक हसले असते.

ते फोडायचं काम नेमकं सुलोचनेच्या खिडकीमागच्या अंगणात झालं. भैयाजी करवत घेऊन आला होता. तानबाने पाचर आणि मोगरी काढली.

"करवत लाकडाले न इचारता कापते, भैयाजी," तो म्हणाला. "पाचर लाकडाच्या मनानं जाते. जे सोताच्या मनानं फाटलं, ते वाकवलं तरी मोडत नाई."

सुलोचना उशीवर मान टेकून ऐकत होती. कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली लाकडाच्या उभ्या नळ्या पाहायला आणि वहीत त्यांच्या आकृत्या काढायला तिला पूर्ण एक सत्र लागलं होतं. हा माणूस तेच तीन वाक्यांत सांगून मोकळा झाला होता.

पण मोगरी मारायची हौस भैयाजीला. त्याने मारली. पाचर तिरकी गेली आणि अर्धा भाग पीळ खाऊन वाया गेला. त्यावर रूपरावांनी तानबाला शिव्या दिल्या. मग उरलेला अर्धा भाग तानबाने स्वतः फोडून दुरुस्त केला. मनगटापेक्षा जाड, माणसाच्या कपाळाएवढा उंच, वरच्या अंगाला साल तशीच. ही साल इतक्यात काढू नका, काढाल तेव्हा खालच्या लाकडाला कोयत्याचा ओरखडाही लागू देऊ नका, झाडाची पाठ तीच धनुष्याची पाठ, असं त्याने बजावलं. दोन्ही टोकांना शेणमाती लिंपली आणि सांगितलं, गोठ्याच्या आढ्याला बांधून ठेवा, पुढच्या दसऱ्याला उतरवा.

पुढचा दसरा. रूपरावांना वाटलं, तानबा चेष्टा करतो आहे. खेळ दोन महिन्यांवर आलेले, तासायला आणि घोटायलाच पंधरा-वीस दिवस हवेत. म्हणजे लाकूड महिन्यात वाळलं पाहिजे. घरात सगळ्यांत गरम जागा कोणती?

असं ते लाकूड मुलीच्या सहाव्या दिवशी बाळंतिणीच्या खोलीत आलं. कौशल्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, जुन्या लुगड्यात गुंडाळून आणलं आणि बाजेखाली दोन विटांवर, शेगडीच्या शेजारी निजवलं. सुलोचनेने विचारलं, "आत्याबाई, दहा दिवस या खोलीतलं पाणीही बाहेर जात नाही, मग हे कसं चालतं?"

"लाकडाले कायचा इटाळ?" सासूबाई म्हणाल्या.

विटाळ होता तो माणसांना. मुलीच्या बापाला तर फारच. तो दहा दिवस उंबऱ्याबाहेर उभा राहिला. लाकूड आत आल्यापासून दिवसातून तीनदा येई. पहिल्या दिवशी तो आला तेव्हा सुलोचनेने मुलीचं तोंड दाराकडे वळवून धरलं. त्याने विचारलं, "वाळून राह्यलं का?" तिने मुलगी परत कुशीत घेतली. बारसं झाल्यावर, मुलीचं नाव कुंदा ठेवल्यावर, विटाळ सरला आणि मग तो आत येऊन उकिडवा बसू लागला. मान बाजेखाली घालून तो लाकडाशी काय काय करी, ते तिला दिसत नसे. तिला दिसे फक्त नवऱ्याची पाठ. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि या आठवडाभरात त्या पाठीवरचे तीळ तिला पाठ झाले.

एक दिवस त्याने टोकांची शेणमाती धुऊन टाकली. पाहायला येणाऱ्यांना ती घाण दिसते म्हणाला. लाकडातलं पाणी सर्वांत आधी टोकांतून जातं, ते रोखायलाच ती लावली होती, हे सुलोचनेला ठाऊक होतं. तिने तसं सांगितलं. तो हसला. बाहेर जाऊन त्याने बापाला सांगितलं असावं, कारण ओसरीवरून रूपरावांचा आवाज आला, तिला ऐकू जावा इतका मोठा:

"कालेजात झाडाचे पानं मोजले तं सुतार झाली का बे ते?"

पुन्हा काही सांगायचं नाही, असं तिने तेव्हा ठरवलं. वाळवा म्हणावं. तळा म्हणावं.

तिला काळजी होती ती दुसरीच. कुंदाच्या छातीत घरघर होत होती. आधी तिला वाटलं, आपण भित्र्या आहोत. मग तिने माहेरचं मनगटी घड्याळ उशाखालून काढलं आणि मुलीचे श्वास मोजायला घेतले. एका मिनिटाला साठापर्यंत चालतात, असं शरीरशास्त्राच्या पुस्तकात होतं. पासष्ट भरले. दुसऱ्या दिवशी सत्तर. गोवरीचा धूर छताला जाऊन तिथून पुन्हा खाली उतरत होता आणि पाळण्याच्या उंचीवर थांबत होता. दूध ओढताना मुलगी मध्येच सोडून देई आणि तोंड उघडून श्वास घेई, पोहून थकलेल्या माणसासारखी.

तिने सासूबाईंना सांगितलं, शेगडी बाहेर ठेवा, गोणपाट निदान दुपारचं काढा. सासूबाई वाईट बाई नव्हत्या. त्यांना राग नाही आला, हसू आलं. वारं लागलं तर बाळंतीण जन्माची वाकडी होते म्हणाल्या. "मी सात बाळंतपणं केली याच शेगडीवर, याच खोलीत."

सातांतली जगली किती, ते सुलोचनेला माहीत होतं. तीन. ओठावर आलेला आकडा तिने गिळला. त्या चौघांची नावंही सासूबाई कधीकधी दुपारी एकट्या बसल्या की पुटपुटत.

मग तिने नवऱ्याला धरलं. बाजेखालून त्याची मान वर आल्याबरोबर तिने घड्याळ त्याच्या हातात दिलं, मुलीच्या पोटावरचं पांघरूण बाजूला केलं आणि मोजा म्हणाली. त्याने मोजले. त्याचा चेहरा उतरला, एवढं तिने पाहिलं. मामंजींना सांगा, ती म्हणाली, शेगडी काढायला सांगा, नाहीतर हिंगणघाटहून डॉक्टर आणा. सांगतो म्हणाला. उठला, गेला. भिंतीपलीकडे बापलेक बोलत होते आणि ती कान देऊन होती. भैयाजी पुष्कळ वेळ खाकरला. मग त्याने विचारलं, "बाबा, रंधा आपला चालन का सुताराकडचा आणू?"

त्या दिवसापासून सुलोचनेच्या मनात या माणसाविषयी जे काही मऊ उरलं होतं, ते वाळून खुटखुटीत झालं. बाजेखालच्या जिनसेच्या कितीतरी आधी.

एकोणिसाव्या दिवशी, दुपारी, सगळं घर जेवून आडवं झालं असताना बाजेखाली आवाज आला. टक्. लहानसा, कोणी नख मोडावं तसा. मुलगी दचकली. सुलोचनेने हाताचा टेकू देऊन खाली वाकून पाहिलं. लाकडाच्या शेगडीकडच्या टोकाला, जिथली शेणमाती धुतली होती तिथे, केसाएवढी चीर पडली होती. ती पाहत असतानाच आणखी एकदा टक् झालं आणि चीर बोटभर पुढे सरकली.

पहिल्यांदा तिला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं. चार दिवस गप्प पडून राहिलं की हे लाकूड उभं फाटणार, पारावर रूपरावांची शोभा होणार आणि तिला एक शब्दही बोलावा लागणार नाही. ती पुन्हा उशीवर टेकली. मुलीच्या छातीतली घरघर चालूच होती. ती ऐकता ऐकता तिच्या डोक्यात एक विचार आला आणि तो इतका सरळ होता की इतके दिवस सुचला नाही याचीच तिला चीड आली. या घरात मुलीला धूर लागतो, हे सांगून उपयोग नव्हता. धूर लाकडाला लागला पाहिजे होता.

"अहो," तिने दाराकडे तोंड करून हाक मारली, बाळंतिणीला शोभणार नाही इतक्या मोठ्याने, "तुमचं लाकूड फुटतंय."

मुलगी झाली तेव्हाही घरात एवढी धावपळ झाली नव्हती. भैयाजी आला. सासूबाई आल्या. रूपराव स्वतः आले. नातीच्या खोलीत पहिल्यांदाच. धोतराचा सोगा सावरून ते गुडघ्यावर बसले आणि त्यांनी नातीकडे नाही, बाजेखाली पाहिलं. दिसत नाही काही, म्हणाले. उजेड करा. आणि त्यांनीच पुढे होऊन खिडकीचं गोणपाट टरकन् ओढून काढलं.

एकोणीस दिवसांनी त्या खोलीत ऊन आलं. धुराचा पट्टा उन्हात निळा दिसला आणि हळूहळू खिडकीकडे वळला. कुंदाने डोळे गच्च मिटले.

तानबाला बोलावलं. तो आत कसा येणार, तो अंगणातून खिडकीशी उभा राहिला. भैयाजीने लाकूड गजांतून थोडं बाहेर काढून त्याला दाखवलं. त्याने चिरीवरून अंगठा फिरवला.

"शेक बाळंतिणीले देत असते, मालक," तो म्हणाला. "लाकडाले नाई."

रूपरावांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. लाकूड वाचन का नाही ते सांग, म्हणाले. तानबाने सांगितलं, टोकं वीतवीतभर जास्त ठेवली आहेत ती याचसाठी, चीर तेवढ्यातच थांबली तर कापून जाईल. मधल्या हातभरात शिरली तर चुलीत घाला. आता पुन्हा शेणमाती लावू आणि गोठ्यात नेऊ.

गोठ्यात. म्हणजे लाकूड गेलं की गोणपाट परत आणि शेगडी जागच्या जागी. आयुष्यात इतक्या मोठ्यांसमोर सुलोचना कधी बोलली नव्हती.

"गोठ्यात नका नेऊ," ती म्हणाली. "इतके दिवस ऊब खाल्लेलं लाकूड एकदम थंडीत नेलं तर त्याच्या पेशी आकसतात. आतून फुटतं. इथेच राहू द्या. शेगडी तेवढी बाहेर काढा, खिडकी रात्रंदिवस उघडी ठेवा. हळूहळू वाळेल. आम्हाला हेच शिकवलंय."

हे असं काही कोणी शिकवलं नव्हतं. अर्धं खरं होतं, अर्धं तिने तिथल्या तिथे रचलं. रूपरावांनी तानबाकडे पाहिलं. तानबाने गजांतून तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या कुशीतल्या मुलीकडे. मुलीची छाती भाता हलवावा तशी हलत होती.

"बाई म्हणते ते बराबर हाये," तो म्हणाला.

सासूबाईंनी विरोध केला. पोरीला वारं लागेल, पौष तोंडावर आला, ही थंडी मरणाची, असं त्या खरोखर कळवळून बोलल्या. त्यावर रूपराव गुडघे झाडत उठले.

"पोरीले गुंडाळून ठेव. असं लाकूड पुन्हा भेटन का?"

शेगडी त्याच वेळी बाहेर गेली. सुलोचनेने सासऱ्यांचं ते वाक्य जपून ठेवलं, दागिना ठेवावा तसं. पुढे कधी या घराविषयी माया वाटू लागली तर काढून पाहायला. संध्याकाळपर्यंत तिने मुलीचे श्वास चारदा मोजले. अडुसष्ट, चौसष्ट, चौसष्ट, साठ. तिसऱ्या दिवशी बावन्न. मुलगी सलग दूध प्याली आणि पिता पिता झोपली. सुलोचनेने घड्याळ कानाशी धरून ते बंद तर पडलं नाही ना, ते पाहिलं.

आता ते लाकूड तिच्या राज्यात होतं आणि ती त्याची निगा राखू लागली. सून शहाणी झाली, असं सासूबाई शेजारणींना सांगत. लाकूड बाजेखालून निघून खिडकीखाली विटांवर आलं. दर तिसऱ्या दिवशी तानबा खिडकीशी येई. भैयाजी लाकूड गजांशी धरी आणि तानबा त्याला गाल लावी. ओलं लाकूड गालाला गार लागतं, वाळलेलं लागत नाही. मग बोटाचं पेर वाजवून ऐकी. एका भेटीत त्याने साल सोडवायला सांगितली आणि भैयाजीने ती कोयत्याच्या पाठीने सोलली, अर्धा दिवस लावून, जीभ दातांत धरून. खालचं लाकूड पिवळसर, ओलसर, गुळगुळीत निघालं. त्यावर एकही ओरखडा नव्हता. या माणसाला काहीतरी नीट करता आलं, हे पाहून सुलोचनेला कौतुक वाटलं नाही. रागच आला. म्हणजे हात होते.

सव्वा महिना भरायला तेरा दिवस उरले असताना तानबा गाल लावून म्हणाला, चार दिसांनी तासायला घेऊ. भैयाजीचा चेहरा उजळला. सासूबाई दारातून म्हणाल्या, "बरं झालं. लाकूड हाललं का शेगडी आणतो. आठ-नऊ दिवस तरी पोरीले शेक भेटन."

ते चार दिवस सुलोचनेने वाया घालवले नाहीत. दुपारी घर निजलं की ती उठे, तांब्यात फडकं बुडवून पिळी आणि लाकूड पुसून काढी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आंघोळ घातल्यासारखं. बी.एस्सी.ची पदवी अशी कामी येत होती. मनात तिला या सगळ्यांची कीव येत होती. एक लाकूड ओलं आहे की कोरडं, यावर एका जिवाचा श्वास ठरत होता आणि घरातल्या एकालाही ते दिसत नव्हतं.

तिसऱ्या दुपारी ती अशीच फडकं फिरवत असताना मागे उंबऱ्यावर कोणी आल्याची चाहूल लागली. तिने वळून पाहिलं. भैयाजी होता. किती वेळचा उभा होता कोण जाणे. तिच्या हातातल्या फडक्यातून पाणी गळत होतं, ते लपवण्यात अर्थ नव्हता. तिने लपवलंही नाही. हाताशी तांब्या होता, ओरडला असता तर तोही तिने फेकला असता.

तो आत आला. लाकडाशी उकिडवा बसला. महिनाभर ज्याच्यासाठी त्याने दुसरं काही पाहिलं नव्हतं, ते त्याने एका हाताने उलटं केलं आणि खालून चाचपलं.

"खालूनबी पूस," तो हळू आवाजात म्हणाला. "तानबा पालथं करून पाहते."

आणि उठून निघून गेला.

सुलोचना फडकं हातात धरून बसून राहिली. तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की याला माहीत होतं. मोजले तेव्हापासून माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी तानबाने गाल लावला. पालथं केलं, पुन्हा लावला. त्याने सुलोचनेकडे पाहिलं नाही.

"ओलं हाये," तो म्हणाला.

रूपराव भडकले. चार दिवसांपूर्वी वाळत आलं होतं ते ओलं झालं कसं? दव, भैयाजी म्हणाला. खिडकीतून रात्रीचं दव पडतं. मग लावा खिडकी, रूपराव म्हणाले, ठोका गोणपाट, आणा शेगडी. कौशल्याबाई उठल्यादेखील.

"खिडकी लावाची नाई," भैयाजी म्हणाला.

त्याचा आवाज चिरका निघाला, वयात येणाऱ्या पोरासारखा. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यालाही स्वतःचा आवाज ऐकून धक्का बसला असावा, कारण पुढचं तो भिंतीकडे पाहून बोलला. शेगडीनं एकदा फुटलं, पुन्हा फुटन. धनुष्य मले करायचं हाये. मी सांगतो तसं ठेवायचं असन तं ठेवा, नाई तं चुलीत घाला आणि हिंगणघाटले मले पाठवू नका. एवढं बोलून त्याला दम लागला.

रूपरावांनी तानबाला विचारलं, ओल्याचंच केलं तर? तानबा म्हणाला, केलं तर होईल, पण ओलं लाकूड एकदा वाकलं की वाकूनच राहतं, चार बाणांत त्याचं गाडीचं जू होईल, लोक पाहतील. लोक पाहतील म्हटल्यावर रूपरावांनी मिशीवरून हात फिरवला. संध्याकाळी ते पारावर जाऊन सांगून आले, की खानदानी धनुष्य घाईनं होत नसतं, ते पुढच्या दसऱ्यालाच उतरवायचं असतं. तानबाचा शब्द तसाच्या तसा त्यांनी आपला म्हणून वापरला आणि सव्वीस जानेवारी अशी सोडून दिली, जणू ती दुसऱ्याच कोणाची तारीख होती. भैयाजीच्या म्हणण्याप्रमाणे वाळेपर्यंत लाकूड खिडकीखालीच राहणार होतं, खिडकी उघडी आणि शेगडी बाहेर.

त्या दिवशी दिवेलागणीला भैयाजी खोलीत आला. लाकडाकडे गेला नाही. पाळण्याशी उभा राहिला, हात कुठे ठेवावेत ते न कळून.

"तुम्हाला कळत होतं," सुलोचना म्हणाली. "मग आधी का नाही बोललात?"

"पोरीसाठी बोललो असतो तं बाबांनी ऐकलं नसतं."

"बोललात कुठे तुम्ही, त्यांनी न ऐकायला?"

अडचणीत सापडला की तो हसत असे, तसं हसू त्याने आणून पाहिलं. ते आलं नाही. एक माणूस लाकडाच्या आडून बापाशी बोलू शकतो आणि लेकीच्या आडून बोलू शकत नाही, याला काय म्हणायचं, ते सुलोचनेला कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं. त्याने काहीतरी वाचवलं होतं, हे तिला कबूल होतं. पण ज्याला वाचवता येत होतं त्याने एकोणीस दिवस काय केलं, हेही ती विसरणार नव्हती. तिने त्याला बसा म्हटलं नाही. जा असंही म्हटलं नाही. थोड्या वेळाने तो आपणहून गेला.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी अंग चोळून न्हाऊ घातल्यावर ती खोलीत आली. खिडकीखाली पाण्याचं थारोळं साचलं होतं. ती घाबरून आधी पाळण्याकडे धावली. मुलगी कोरडी होती, शांत झोपली होती. मग तिने लाकडाला हात लावला. वरून ओलं, खालून ओलं, दोन्ही टोकांची शेणमाती विरघळून विटांवर ओघळलेली, आणि विटांखालून पाण्याची एक धार सरळ उंबऱ्याकडे निघालेली. अख्खा तांब्या उलटा केला होता. न पिळता, न पुसता, गडूने झाडाला घालावं तसं.

सासूबाईंची पावलं माजघरात वाजत होती. सुलोचनेने बाजेवरचं जुनं लुगडं ओढलं, गुडघ्यावर बसली आणि भराभर जमीन टिपू लागली. एवढं साधं काम. फडकं भिजवायचं, पिळायचं, फिरवायचं. तेही या माणसाला धड येत नव्हतं. धार उंबऱ्याशी पोचायच्या आत तिने अडवली, लुगडं खिडकीतून बाहेर पिळलं आणि शेणमाती बोटांनी गोळा करून दोन्ही टोकांना परत थापू लागली.